फ्रेंच गिटारवाल्यांच्या तबकड्या: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणारा पाहुणा चहा संपेपर्यंत गप्प असतो. मग त्याची नजर कपाटातल्या लहान तबकड्यांकडे जाते, आणि पुढचा अर्धा तास मी तीच ती उत्तरं देत बसतो. बायकोला ती पाठ झाली आहेत. तिच्याच सांगण्यावरून हे एकदाचं लिहून काढलं.

हे नेमकं कुठलं संगीत आहे?

१९६० ते १९६४ या चार-पाच वर्षांत फ्रान्समधल्या पोरांनी वाजवलेलं. दोन इलेक्ट्रिक गिटार, एक बास गिटार आणि ड्रम्स एवढाच सरंजाम. गाणारा नाही. एक गिटार सूर धरते, दुसरी खालून ठेका भरते, आणि अडीच मिनिटांत धून संपते. फ्रान्समध्ये तेव्हा अशा ग्रुपांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी दोन-तीन तबकड्या काढल्या आणि ते नोकरीधंद्याला लागले.

तुम्हाला हे सापडलं कुठे? पुण्यात तर नक्कीच नाही.

नाही. लियोंमध्ये. २००३ साली कंपनीने दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. निघण्यापूर्वी तीन महिने फ्रेंचचा वर्ग केला होता आणि आपल्याला बऱ्यापैकी येतं असा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात बेकरीत उतरला. मी एक पाव मागितला, बाईंनी मला काहीतरी विचारलं, मी ‘हो’ म्हणालो, आणि त्यांनी पावाचे सुरीने काप करून पिशवीत भरले. पुढे कित्येक दिवस मी कापलेला पाव खात होतो, कारण ‘कापू नका’ कसं म्हणायचं ते येत नव्हतं.

राहायला क्र्वा-रूसच्या टेकडीवर जागा मिळाली होती. रेशीम विणणाऱ्यांची ही जुनी वस्ती. माग मावावेत म्हणून घरांची छतं उंच बांधलेली. घरमालकीण पासष्टीच्या पुढची होती. तिच्या तळघरात माझ्या रिकाम्या बॅगा ठेवायला गेलो, तर कोळशाच्या जुन्या कोपऱ्यात फळांचं एक लाकडी खोकं दिसलं आणि त्यात या तबकड्या. वरच्या कव्हरवर चार पोरं, काळे सूट, अरुंद टाय, हातात गिटारी, आणि चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोत असतो तेवढा गंभीर भाव. मी खोकं वर आणून मादामला विचारलं, म्हणजे बोट दाखवलं. ती हसली, खांदे उडवले, आणि आतून एक राखाडी रंगाची पेटी घेऊन आली. झाकण उघडलं तर रेकॉर्ड प्लेयर. झाकणातच स्पीकर.

पिन टेकवली. आधी तळघराचा आवाज आला, म्हणजे खरखर. मग एक गिटार.

त्या दिवशी सकाळपासून ऑफिसात, दुकानात, बसमध्ये लोक माझ्याशी बोलत होते आणि मी मान डोलवत होतो. हे पहिलंच कुणीतरी फ्रेंच होतं ज्याचं मला सगळं कळलं.

मग शब्द नाहीत म्हणूनच आवडलं?

सुरुवातीला तेवढंच कारण होतं, खोटं कशाला बोला. वर्षभरात भाषा सुधारली, गाणी कळायला लागली, आणि कळल्यावर त्यातली बरीचशी फार काही सांगत नाहीत हेही कळलं. त्या काळचे फ्रेंच गायक मोठ्या प्रमाणात अमेरिकन गाण्यांना फ्रेंच शब्द चिकटवून गात होते. शब्द कधी बसायचे, कधी कोंबायला लागायचे. गिटारवाल्यांना ही कटकटच नव्हती.

पण ही सगळी ‘शॅडोज’ची नक्कल नाही का?

आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की आपण वर्मावर बोट ठेवलं. ठेवलंही असेल, पण मला ते लागत नाही.

१९६० च्या उन्हाळ्यात ‘द शॅडोज’ या ब्रिटिश ग्रुपची ‘अपाची’ ही धून आली. जेरी लॉर्डन नावाच्या इंग्लिश माणसाने ती रचली होती. ब्रिटनमध्ये ती पाच आठवडे पहिल्या नंबरावर होती, आणि मग युरोपभर गिटारी विकत घ्यायची लाट आली. शॅडोज स्वतः अमेरिकेकडे डोळे लावून बसलेले. त्यांच्या हँक मार्व्हिनची लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, ते ज्याच्या मागे वाजवायचे त्या गायक क्लिफ रिचर्डने अमेरिकेतून मागवून दिलेली. म्हणजे इंग्रज पोरं अमेरिकेची नक्कल करतात, आणि फ्रेंच पोरं त्या इंग्रजांची. गंमत अशी की ‘अपाश’ हा शब्द पॅरिसला नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गल्लीबोळांतल्या गुंडांना वर्तमानपत्रं ‘अपाश’ म्हणत. तो शब्द आता लंडनहून गिटारीवर बसून परत आला.

आता नकलेबद्दल. नक्कल करताना काय होतं ते बघा. समोर नोटेशन नाही, शिकवणारा नाही. रेडिओवर धून लागली की कान लावायचा, किंवा तबकडी आणून एकच जागा पंचवीसदा वाजवायची. जे ऐकू येतं ते वाजवायचं, आणि जे ऐकू येत नाही तिथे स्वतःच्या मनाचं भरायचं. हातात अमेरिकन गिटार परवडत नाही म्हणून पॅरिसच्या जाकोबाचीसारख्या कारागिराची किंवा त्याहून स्वस्तातली वाद्यं. ॲम्प्लिफायर लहान. कानावर लहानपणापासून ॲकॉर्डियनवरचे वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या धुना. अशा पोराने ‘अपाची’च्या वळणाची धून वाजवली की कुठेतरी एखादी हरकत वॉल्ट्झसारखी लचकते. ड्रमर क्षणभर अलीकडे येतो. ती चूक नसते, तो त्याचा गाव असतो. मी ऐकतो ते त्या जागांसाठी.

आपल्याकडे गल्लीतल्या बँडवाल्याने सिनेमातलं गाणं वाजवलं की क्लॅरिनेटवर एखादी जागा मूळ गाण्यात नसलेली येते ना, आणि वरात थांबते? तेच.

ग्रुपांची नावं अशी विचित्र का?

मराठीत केली तर आणखी मजा येते. ले फाँतोम म्हणजे भुतं. ले व्होतूर म्हणजे गिधाडं. ले शा सोवाज म्हणजे रानमांजरं. ले पेनिताँ म्हणजे प्रायश्चित्त घेणारे. ले पिरात आणि ले शाँपियों वेगळे सांगायला नकोत. सावल्यांनी जग जिंकलं, तर आपण भुतं होऊ, असा हिशेब झाला असावा असं मला आपलं वाटतं.

सगळ्यांत भारी कथा ‘ले शोसेत न्वार’ म्हणजे ‘काळे मोजे’ यांची. हा गाणारा ग्रुप, एडी मिचेलचा. पण मधूनमधून नुसत्या धुनाही वाजवायचा. त्यांनी स्वतःचं नाव ‘फाइव्ह रॉक्स’ ठेवलं होतं. बार्क्ले कंपनीने १९६१ मध्ये त्यांची तबकडी काढली तेव्हा एका मोजे बनवणाऱ्या गिरणीशी जाहिरातीचा करार झाला आणि पोरांच्या नावाचे मोजे झाले. आज टी-शर्टावर कंपन्यांची नावं मिरवणाऱ्या क्रिकेटपटूंना निदान स्वतःचं नाव तरी ठेवू देतात.

जँगो राइनहार्टशी याचा काही संबंध?

फारसा नाही. जँगो हा फ्रान्समधला जॅझचा थोर गिटारवाला, पण तो १९५३ मध्येच गेला. ही पोरं त्याच्या जॅझकडे नव्हे, समुद्रापलीकडे बघत होती.

सुरुवात कुठून करू?

ले फाँतोमपासून. फ्रान्समधला नुसत्या धुना वाजवणारा सगळ्यांत नेटका ग्रुप हाच, असं माझं मत. मुख्य गिटारीवर डीन नोटन. त्याचा हात हलका आहे. सूर ओढतो, पण कधी लोंबकळत ठेवत नाही.

त्यांची ‘फोर शाब्रोल’ नावाची धून शोधा. १९६२ ची. ती ऐकल्यावर निम्मे लोक म्हणतात, “अहो, ही तर कुठेतरी ऐकलीय.” ऐकलेलीच असते. ही धून जाक द्युत्रों या पॅरिसच्या पोराने रचली. तो स्वतः ‘एल तोरो ए ले सिक्लोन’ नावाच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवायचा. मग आंद्रे साल्व्हे आणि ल्युसियें मोरिस यांनी त्या धुनेवर शब्द लिहिले, फ्राँस्वाज आर्दीने ते त्याच वर्षी गायले, आणि धुनेचं ‘ल ताँ द लामूर’ झालं, म्हणजे ‘प्रेमाचे दिवस’. २०१२ मध्ये एका अमेरिकन सिनेमात दोन लहान मुलं समुद्रकाठी या गाण्यावर नाचतात, तेव्हा नव्या पिढीलाही ते माहीत झालं. द्युत्रों पुढे स्वतः मोठा गायक झाला, आणि १९८१ मध्ये त्याने आर्दीशी लग्न केलं. प्रेमगीताची धून आधी नवऱ्याने रचावी, बायकोने ती गावी, आणि लग्न एकोणीस वर्षांनी व्हावं, असं माझ्या भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “मामा, एवढा वेळ कशाला लागला?” मी म्हटलं, ते तू त्यांना विचार.

नावाची गोष्ट वेगळीच आहे. ‘फोर शाब्रोल’ म्हणजे शाब्रोलचा किल्ला, पण किल्ला वगैरे काही नाही. पॅरिसमध्ये शाब्रोल नावाचा एक रस्ता आहे. १८९९ मध्ये ड्रेफस प्रकरणाच्या, म्हणजे एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ घेतल्याच्या, धुमाळीत ज्यूल गेराँ नावाचा ज्यूद्वेष्टा पुढारी पोलिसांना चुकवून तिथल्या एका इमारतीत साथीदारांसह दारं लावून बसला. ३८ दिवस बाहेर आला नाही. तेव्हापासून घरात कोंडून घेऊन पोलिसांना दाद न देण्याला फ्रेंच लोक ‘फोर शाब्रोल’ म्हणतात. हे नाव एका तरण्या, उडत्या गिटारच्या धुनेला का दिलं असेल यावर मी बरेच रविवार घालवले आहेत. आर्दीचं गाणं ऐकताना हा इतिहास डोक्यात येतो आणि मजा जाते. तुम्हीही आता अडकलात, माफ करा.

आणि नंतर?

ले शाँपियों. त्यांचा मुख्य गिटारवाला क्लोद सियारी, नीसचा, जन्म १९४४. त्याने ग्रुप सोडून १९६४ मध्ये ‘ला प्लाया’ ही संथ धून स्वतःच्या नावावर काढली. ती रचलेली बेल्जियमच्या यो व्हान वेटर यांची, पण सियारीची तबकडी देशोदेशी गेली. जपानमध्ये तर ती इतकी चालली की सियारी पुढे तिथेच राहायला गेला आणि जपानी नागरिक झाला. ‘ला प्लाया’ थोडी गुळचट आहे. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. पण शाँपियोंच्या दिवसांत हाच माणूस काय ताठ वाजवायचा ते ऐका.

मग ले एग्लों, ‘गरुडाची पिल्लं’. हे फ्रेंच नाहीत. स्वित्झर्लंडच्या लोझानचे. पण १९६३ ची त्यांची ‘स्तालाक्तीत’ फ्रान्समध्येही गाजली, म्हणून माझ्या कपाटात ती फ्रेंचांच्या रांगेत आहे. एका स्विस सहकाऱ्याने ते पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा बेळगावकर म्हणून ओळख करून दिलेल्या कोल्हापूरकरासारखा झाला होता.

ही पोरं वाजवायची कुठे?

पॅरिसमध्ये ‘गोल्फ-द्रुओ’ नावाची जागा होती. नऊव्या विभागात, द्रुओ रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका कॅफेच्या वर. मुळात तिथे लोकांनी छोटं गोल्फ खेळावं आणि चहा प्यावा अशी कल्पना. आँरी लप्रू नावाच्या माणसाने तिथे ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की तबकडी वाजवणारं यंत्र, आणून ठेवला, पोरं जमायला लागली आणि गोल्फ मागे पडलं. शुक्रवारी नव्या ग्रुपांना स्टेजवर संधी मिळायची. १९८१ मध्ये ते बंद झालं. मी शोधत गेलो तेव्हा भिंतीवर पाटी होती. तिच्याखाली उभं राहून दोन मिनिटं मी उगाचच वर बघितलं.

बाकी रेडिओ. ‘युरोप नंबर १’ वर १९५९ च्या ऑक्टोबरपासून ‘साल्यु ले कोपँ’ हा कार्यक्रम संध्याकाळी शाळा सुटल्यावर लागायचा. ‘काय दोस्तांनो’ असं त्याचं ढोबळ मराठी होईल. त्याच नावाचं मासिक १९६२ मध्ये निघालं, आणि मासिकाच्या पहिल्या वाढदिवसाला, २२ जून १९६३ ला, पॅरिसच्या प्लास द ला नास्योंवर फुकट कार्यक्रम ठेवला तर दीड लाखाच्या वर पोरं आली. मोठ्या माणसांना धडकीच भरली.

एका तबकडीवर चारच धुना का? आणि ही एलपी नाही, सिंगलही नाही, मग काय?

ईपी. फ्रेंचमध्ये ‘सुपर ४५ तूर’. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन. इंग्लंड-अमेरिकेत पोरं दोन गाण्यांची सिंगल घ्यायची. फ्रान्समध्ये साठच्या दशकात दुकानात मिळायची ती ईपी. दोन गाण्यांच्या तबकड्या प्रामुख्याने ज्यूकबॉक्ससाठी निघत.

याचा गिटारवाल्यांना मोठा फायदा झाला. चार जागा भरायच्या म्हणजे चार धुना हव्यात. एक शॅडोजची, एक अमेरिकन, एक कुठलं तरी जुनं लोकगीत किंवा शास्त्रीय तुकडा गिटारीवर बसवलेला, आणि चौथी जागा उरली म्हणून स्वतःची. ती चौथी धून, दुसऱ्या बाजूची शेवटची, आधी ऐका. तिथे कुणाचं लक्ष नसायचं, त्यामुळे पोरं तिथे मोकळी वाजवतात.

आणि कव्हर. इंग्रज सिंगल साध्या कागदी पाकिटात यायची. फ्रेंच ईपीला जाड पुठ्ठ्याचं, चकचकीत प्लास्टिकचा थर दिलेलं, पूर्ण फोटोचं कव्हर. म्हणून तर जगभरचे संग्राहक फ्रान्समध्ये काढलेल्या तबकड्यांमागे लागतात. आत तबकडी फुटकी असली तरी कव्हर भिंतीवर लावता येतं.

कव्हरवर पेनाने लिहिलेली नावं का आहेत?

त्या काळी शनिवार-रविवार कुणाच्या तरी घरी पोरापोरींची नाचाची पार्टी असायची. ‘सुरबूम’ म्हणत. प्रत्येकाने आपापल्या तबकड्या न्यायच्या. परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून मागे नाव, काहींवर नंबरही. आपल्याकडे लग्नघरी नेलेल्या पातेल्यांवर नाव कोरतात तसं.

बाजारात अशा नावामुळे किंमत कमी होते. मी मुद्दाम नाववाल्या घेतो. माझ्याकडे एकाच मुलीच्या हस्ताक्षरातल्या सहा आहेत, सहाही एकाच खोक्यातून आलेल्या. पहिल्या तिघींवर गोल, शाळकरी अक्षर आहे. चौथीपासून आडनाव गळालंय आणि सहीसारखी शेपूट आलीय. सहावीवर तिच्या नावाशेजारी एका मुलाचं नाव आहे, ते नंतर कुणीतरी जोर लावून खोडलंय. इतकं की चकचकीत थर फाटून पुठ्ठा दिसतोय. ती तबकडी वाजते मात्र सगळ्यांत चांगली. बहुतेक त्यानंतर लावलीच नसावी.

तो राखाडी पेटीतला प्लेयर कुठला?

तेपाज. खुद्द लियोंचा. मार्सेल तेपाज नावाच्या माणसाची कंपनी. साठच्या दशकातल्या फ्रेंच पोरांसाठी तेपाज म्हणजेच प्लेयर, जसं आपल्याकडे एका पिढीसाठी एचएमव्हीची ‘फिएस्टा’. मूठ धरून उचलायचा आणि सुरबूमला न्यायचा. तेपाज १९६४ मध्ये वारले. आवाजाच्या बाबतीत चोखंदळ लोक नाक मुरडतात आणि त्यांचं बरोबर आहे. तेपाजचा हात जड असतो, तबकडी खातो. मी रोज दुसऱ्या प्लेयरवर ऐकतो. तेपाज दिवाळीला काढतो.

मधलं भोक एवढं मोठं का?

आपोआप तबकडी बदलणाऱ्या प्लेयरची यंत्रणा मधल्या जाड दांड्यात मावावी म्हणून पंचेचाळीसच्या तबकड्यांना अमेरिकेत मोठं भोक पाडायला सुरुवात झाली. फ्रेंचांनीही ते ठेवलं. प्लेयरवर लावताना मध्ये प्लास्टिकची चकती लागते. फ्रेंचमध्ये तिला ‘साँत्रर’ म्हणतात.

आमच्या घरच्या ईपींचं भोक लहान होतं, त्यामुळे घरात अशी चकती नव्हती. पुण्याला परत आल्यावर पहिली फ्रेंच तबकडी अंदाजाने मधोमध ठेवली आणि पिन टाकली. गिटार समुद्र लागल्यासारखी वर-खाली व्हायला लागली. शेजारचे काका दारात येऊन विचारू लागले, “बरं नाही का कुणाला?” चकती लियोंमध्येच राहिली होती. शेवटी ओळखीच्या सुताराने लाकडाची करून दिली, सागाची. अजून तीच वापरतो.

गिटारचा तो आवाज कसा काढतात? पाण्याखालून आल्यासारखा?

त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली एको. आतमध्ये टेपचा एक पट्टा फिरतो, सूर त्यावर मुद्रित होतो आणि पुढच्या हेडवरून क्षणभराने परत ऐकू येतो. एका सुराचे तीन-चार होतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. दुसरी, गिटारच्या पुलाशी, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथे, असलेला दांडा. तो हलकेच दाबून सोडला की सगळ्या तारा किंचित उतरतात आणि परत चढतात. म्हणून सूर थरथरतो. तिसरी गोष्ट फुकट आहे. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून वाजवायचं. मग सूर ‘टंग’ न होता ‘टुक’ होतो. एको आणि हे ‘टुक’ एकत्र आले की घोडा दौडल्यासारखं वाटतं.

ज्यांच्याकडे एकोचं यंत्र नव्हतं ते काय करत? तेच जे आपण लहानपणी विहिरीत वाकून करायचो. जिथे आवाज घुमतो तिथे वाजवायचे.

मग हे संपलं कसं?

दोन कारणांनी. एक सैन्य. अल्जेरियाचं युद्ध चालू होतं आणि फ्रेंच तरुणांना सक्तीने भरती व्हावं लागे. युद्धाच्या काळात ती मुदत २८ महिन्यांपर्यंत गेली होती. १९६२ च्या मार्चमध्ये एव्हियाँचा करार होऊन युद्ध थांबलं, तरी सक्तीची भरती चालूच राहिली. चौघांच्या ग्रुपमधला ड्रमर गेला, तो येईपर्यंत बासवाला गेला. कव्हरवरच्या फोटोत दर वेळी एखादा चेहरा वेगळा दिसतो, त्यामागे हे असतं. ते चेहरे आता मी जरा थांबून बघतो.

दुसरं कारण बीटल्स. १६ जानेवारी १९६४ पासून जवळजवळ तीन आठवडे ते पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात बहुतेक दिवस वाजवत होते. त्यानंतर चौघांनी मिळून गायचं ही फॅशन आली. नुसतं वाजवणारे एकदम मागच्या पिढीचे झाले. वय पाहिलं तर बरेचसे जेमतेम विशीतले. काही जण गायकांच्या मागे बसून वाजवायला लागले, काही स्टुडिओत गेले.

आपल्याकडे असं काही होतं का?

वेगळ्या वाटेने होतं. व्हॅन शिपले यांच्या इलेक्ट्रिक गिटारवर हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या तबकड्या निघायच्या आणि घरोघरी वाजायच्या. आमच्या वडिलांकडे होत्या. लग्नात जेवणाच्या पंगती बसल्या की लाउडस्पीकरवर त्या लागायच्या. शब्द नसल्याने कुणाचं जेवणावरून लक्ष उडायचं नाही, असं वडील म्हणायचे. पण तिथे गाणं आधीच सगळ्यांना पाठ असतं, गिटार त्याची आठवण करून देते. फ्रेंच पोरांच्या धुनांना मागे शब्दच नसतात. तेवढा फरक आहे.

आता कुठे मिळतील? किती पैसे पडतात?

फ्रान्सला जात असाल तर दुकानात जाऊ नका. ‘व्हीद-ग्रनिये’ शोधा. शब्दशः माळा रिकामा करणं. गावोगाव रविवारी लोक रस्त्यावर टेबल टाकून घरातली अडगळ विकतात. लियोंजवळ विल्युरबानला ‘प्युस द्यु कनाल’ हा जुना बाजार आहे, पॅरिसला सेंत-उआँचा. एमाउस या सेवाभावी संस्थेची जुन्या वस्तूंची दुकानंही बघा. सकाळी लवकर जा, सुटे पैसे ठेवा, आणि खोक्यात हात घालण्यापूर्वी ‘बोंजूर’ म्हणा. बोंजूर न म्हणणाऱ्याला फ्रेंच म्हातारा काहीच विकत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मी वीस वर्षांत बऱ्याच चकरा मारल्या. शॅडोज मिळतात. फ्रेंच गिटारवाले मिळाले नाहीत.

फक्त ऐकायचं असेल तर ‘मॅजिक रेकॉर्ड्स’ या फ्रेंच कंपनीने साठच्या दशकातल्या कितीतरी ग्रुपांच्या सीडी मूळ कव्हरांसह काढल्या आहेत.

तबकडी कुठल्या वर्षाची ते कसं ओळखायचं? कुठेच छापलेलं नाही.

नसतंच बहुधा. कॅटलॉग नंबर बघायचा, आणि आतल्या गुळगुळीत भागात, लेबलाच्या कडेला, हाताने कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं उजेडात तिरकी धरून वाचायची. चाळिशी लागल्यावर हा छंद अवघड होतो.

आपल्या पावसाळ्यात या टिकतात?

तबकडी टिकते, कव्हर रडतं. जूनमध्ये चकचकीत थर कडेने सुटायला लागतो आणि आत पांढरे ठिपके येतात. प्रत्येक कव्हर वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, तबकड्या उभ्या, भिंतीपासून चार बोटं लांब. बुरशी आली तर डिस्टिल्ड पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल. लेबल भिजवू नका. यातल्या बहुतेक मोनो आहेत, त्यामुळे ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. निम्मी खरखर तिथेच जाते.

हे सगळं मोबाइलवर मिळतं की. तबकडी कशाला?

मिळतं. मीही प्रवासात मोबाइलवरच ऐकतो. पण तिथे ती खोडलेली सही नाही.

तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा? मग आठवण कसली काढता?

झाला नव्हता. मला १९६२ चं पॅरिस आठवत नाही. मला २००३ चं लियों आठवतं. नोव्हेंबर, संध्याकाळी लवकर अंधार, रोन आणि सोन या दोन्ही नद्यांवर धुकं, खिशात कापलेला पाव. मादाम खाली यायची, तेपाजपाशी खुर्ची ओढून बसायची, आणि बोटांनी टेबलावर ठेका धरायची. तिला तिची पंचविशी आठवत असायची, मला आईच्या हातचं काहीतरी. बोलणं होत नव्हतं. तबकडी संपली की ती उलटी करायचं काम माझं.

निघताना तिने ते खोकं मला देऊन टाकलं. तेपाजही. मी पैसे विचारले तर म्हणाली की तळघरात जागा होईल. एवढं वाक्य मला तोपर्यंत पूर्ण कळत होतं.

ऐकायला घरी नेऊ का एखादी?

नाही. रविवारी दुपारी चारनंतर या. चहा मिळेल.

अजून कुठली शोधताय?

एका व्हीद-ग्रनियेत ले फाँतोमची एक ईपी मिळाली होती, कव्हर अगदी कोरं. आनंदाच्या भरात आत न बघताच पैसे दिले. घरी येऊन लावली तर ॲकॉर्डियन. वॉल्ट्झ, एकापाठोपाठ एक, चारही. पुढच्या रविवारी विकणाऱ्या आजोबांना गाठलं. त्यांनी कव्हर हातात घेतलं, आत डोकावले, आणि म्हणाले की मग कुठल्या तरी ॲकॉर्डियनवाल्याच्या कव्हरात भुतं असणार.

तेव्हापासून ॲकॉर्डियनची ईपी दिसली की मी आत हात घालून बघतो. आतापर्यंत तरी ॲकॉर्डियनच निघालंय.